मूत्राशयाचं ऑपरेशन : ओपन की रोबोट?

पत्र : अण्णा (माझे वडील) ६६ वर्षांचे आहेत. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये लघवीतून रक्त गेलं. दुर्बिणीतून गाठ खरवडली तेव्हा रिपोर्टमध्ये कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूत उतरलेला निघाला. किमोचे तीन डोस झाले, शेवटचा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. आता मूत्राशय काढायचं आहे. नाशिकचे सर्जन म्हणतात, "ओपनच करू, मी कायम तेच करतो." मुंबईतले म्हणतात, "रोबोटने करू, लवकर उठून बसतील," पण खर्च दोन-अडीच लाखांनी जास्त. काका म्हणतात, माणूस यंत्राच्या हाती कशाला द्यायचा? अण्णांना एकच काळजी, ऑक्टोबर छाटणीला उभं राहता येईल का. किमोनंतर क्रिएटिनिन १.१ वरून १.६ झालं आहे, हिमोग्लोबिन ९.४ आहे. विडी ऐकत नाहीत. डायबेटिस नाही. लवकर बरं व्हायचं तर कोणती पद्धत निवडावी?
— एक लेक, निफाड

ताई,

आधी काकांचं. रोबोट स्वतःहून काही करत नाही. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर बसलेला असतो. तो बोटं हलवतो तशी आतली अवजारं हलतात, त्याने हात काढला की तीही थांबतात. तेव्हा अण्णांना माणसाच्याच हाती द्यायचं आहे. तो माणूस कोण आणि त्याच्यासोबत टीम कुठली, हे मात्र नीट बघायचं आहे.

दोन्ही पद्धतींत आत होणारं काम एकच असतं. पुरुषांमध्ये मूत्राशयासोबत प्रोस्टेट आणि वीर्यकोष निघतात, ओटीपोटातल्या दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथी निघतात. मग लहान आतड्याचा १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा कापून घेतात, दोन्ही मूत्रवाहिन्या त्याला जोडतात आणि त्याचं तोंड पोटावर उजवीकडे काढतात. हाच स्टोमा. उरलेलं आतडं परत जोडून टाकतात. ओपनमध्ये हे सगळं बेंबीच्या आसपासपासून ओटीपोटाच्या तळापर्यंतच्या एका उभ्या चिऱ्यातून होतं. रोबोटमध्ये साधारण सहा छोटी भोकं, आणि काढलेला भाग बाहेर आणायला शेवटी एक छोटा चिरा.

यातली एक गोष्ट सल्ला देताना बऱ्याचदा सांगायची राहते. "रोबोटने करतो" या एका वाक्यात दोन वेगळी ऑपरेशनं असू शकतात. काही ठिकाणी रोबोटने फक्त मूत्राशय आणि ग्रंथी काढतात, मग पोटावर चिरा देऊन आतडं बाहेर ओढतात आणि जोडकाम हाताने करतात. काही ठिकाणी जोडकामसुद्धा आतच, रोबोटने होतं. पहिल्या प्रकारात आतडं तासभर हवेत राहतं, थंड पडतं, हाताळलं जातं, आणि मूत्रवाहिन्या बाहेरपर्यंत पोचाव्यात म्हणून जास्त मोकळ्या कराव्या लागतात. मूत्रवाहिनी जितकी सोलावी तितका तिचा रक्तपुरवठा घटतो आणि पुढे जोड आवळण्याचा धोका वाढतो. डावीकडची तर जास्तच, कारण तिला मोठ्या आतड्याच्या पडद्याखालून उजवीकडे आणावं लागतं. म्हणून मुंबईच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा : "आतड्याचं जोडकाम आतच करणार की बाहेर काढून?"

अभ्यास काय सांगतात ते आकड्यांनिशी बघू. अमेरिकेतल्या १५ केंद्रांत ३५० रुग्णांवर झालेला रेझर अभ्यास २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात जोडकाम बाहेर होतं. दोन वर्षं कॅन्सर न वाढता काढणारे रोबोटमध्ये ७२.३ टक्के, ओपनमध्ये ७१.६ टक्के. म्हणजे कॅन्सरच्या बाबतीत कुणीच उजवं नाही. रक्तस्राव रोबोटमध्ये साधारण ३०० मिलिलिटर, ओपनमध्ये ७००. वेळ उलट : रोबोटला सात तासांहून जरा जास्त, ओपनला सहा. दवाखान्यातला मुक्काम सहा दिवस विरुद्ध सात. आणि गुंतागुंत होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच, दोन्हीकडे तीनांतल्या दोघांना काही ना काही झालं. हा आकडा ऐकून दचकू नका. त्यात रक्त चढवण्यापासून लघवीच्या जंतुसंसर्गापर्यंत सगळं मोजलेलं असतं. तरी हे ऑपरेशन केवढं मोठं आहे ते त्यावरून कळतं.

दुसरा अभ्यास ब्रिटनमधला, आयरॉक. ९ रुग्णालयं, ३३८ रुग्ण, २०२२ मध्ये जामा नियतकालिकात छापला. इथे जोडकाम आतच होतं, आणि मोजलं होतं ते नेमकं तुम्ही विचारता तेच : ऑपरेशननंतरच्या ९० दिवसांतले किती दिवस माणूस जिवंत आणि दवाखान्याबाहेर राहिला. रोबोटमध्ये ८२, ओपनमध्ये ८०. फरक दोन दिवसांचा. पण बाकीचे आकडे जास्त बोलके आहेत. रक्ताच्या गाठी, म्हणजे पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात गुठळी अडकणं, रोबोटमध्ये १.९ टक्के आणि ओपनमध्ये ८.३. जखमेचे त्रास ५.६ विरुद्ध १७.३. पाचव्या आठवड्यात ओपनवाल्यांना रोजची कामं जास्त जड जात होती, बाराव्या आठवड्यापर्यंतही थोडा फरक दिसत होता, नंतर तो मिटला. कॅन्सर परत येण्यात किंवा मृत्यूच्या प्रमाणात फरक नव्हता.

आमचं मत सरळ सांगतो. रोबोटचा फायदा खरा आहे, पण तो पहिल्या दोन-तीन महिन्यांचा आहे, आणि जोडकाम आत होत असेल तेव्हा जास्त पटण्यासारखा आहे. बाग गहाण टाकावी एवढा तो मोठा नाही. बरं होण्याचा मोठा हिस्सा सर्जनच्या सरावावर आणि ऑपरेशनच्या आगेमागे होणाऱ्या काळजीवर ठरतो. युरोपातल्या युरोलॉजी संघटनेची शिफारस अशी की रुग्णालयात वर्षाला किमान १०, आणि शक्यतो २० पेक्षा जास्त अशी ऑपरेशनं होत असावीत. नाशिकच्या सर्जनना विचारा, मुंबईच्याही विचारा : "गेल्या वर्षी अशी किती झाली?" चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही. रोबोट नवा घेतलाय आणि चौथाच पेशंट आहे, असं निघालं तर वर्षाला पंचवीस ओपन करणारे नाशिकचे हात शंभर पटींनी बरे.

आता अण्णांच्या रिपोर्टकडे येऊ, कारण निवड तिथे फिरू शकते.

क्रिएटिनिन १.६ म्हणजे ६६ व्या वर्षी किडनीचं काम (ईजीएफआर, मिनिटाला मिलिलिटरमध्ये) साधारण ४७ च्या आसपास. हे किमोतल्या सिस्प्लॅटिन या औषधामुळे झालंय की मूत्रवाहिनी अडल्यामुळे, हे आधी ठरलं पाहिजे. सोनोग्राफीत किडनीला सूज असेल तर पाठीतून नळी टाकून ती मोकळी करता येते, आणि मग आकडा खाली येतो. हे ऑपरेशनच्या आठवड्यात लक्षात येण्यापेक्षा आत्ता आलेलं बरं. दुसरं, आतड्याचीच नवी पिशवी आत बसवण्याचा पर्याय कुणी सुचवला असेल तर या किडनीवर तो टाळणंच शहाणपणाचं. त्या पिशवीत लघवी तासन्‌तास साठते आणि आतडं त्यातलं आम्ल परत शोषून रक्तात ढकलतं. अशक्त किडनीला ते बाहेर काढणं जमत नाही. पोटावरच्या स्टोमात लघवी थांबत नाही, वाहून जाते. शिवाय आतल्या पिशवीला तीन-तीन तासांनी घड्याळ लावून लघवीला जावं लागतं, रात्रीही उठावं लागतं, आणि काहींना स्वतः नळी घालावी लागते. अण्णांच्या बाबतीत स्टोमाच योग्य वाटतो. तिसरं, ऑपरेशननंतर दुखतंय म्हणून कुणी डायक्लोफिनॅकची गोळी-इंजेक्शन देऊ नये. पॅरासिटामॉल आणि पोटाच्या भिंतीत सोडलेलं बधिरीचं औषध यावर बराच भार पेलतो. घरातल्या गोळ्यांच्या डब्यातूनही ती काढून ठेवा.

हिमोग्लोबिन ९.४ हा रोबोटच्या बाजूने जाणारा मुद्दा आहे, रक्त कमी जातं म्हणून. पण त्याहून सोपा उपाय हातात आहे. फेरिटिन तपासा. लोह कमी असेल तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन द्या, त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून हे आजच विचारायचं. किमोमुळे मज्जा दमली असेल तर लोहाने पूर्ण भरून येणार नाही, तरी जेवढं वर येईल तेवढी रक्ताची बाटली वाचते.

विडी मात्र रोबोटच्या विरुद्ध जाते. रोबोटमध्ये पोटात गॅस भरून माणसाला डोकं खाली, पाय वर असं २५-३० अंशांत पाच-सहा तास ठेवतात. पोटातली आतडी छातीकडे सरकतात, फुफ्फुसं दबतात. निरोगी छातीला हे सहज निभतं, विडीने पोखरलेल्या छातीला कधीकधी नाही, आणि मग अर्ध्यातून ओपन करावं लागतं. काचबिंदू असेल तर तेही सांगा, या स्थितीत डोळ्याचा दाब वाढतो. तेव्हा छातीची फुंकर चाचणी आणि हृदयाची इको झाल्याशिवाय मुंबईची तारीख नक्की करू नका. ओपन म्हणजे छातीला सुट्टी, असंही समजू नका. मोठ्या चिऱ्यामुळे खोल श्वास घेताना दुखतं, माणूस वरवर श्वास घेतो, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. विडी आजच बंद. तीन चेंडूंचा श्वासाचा डबा औषधाच्या दुकानात मिळतो, तो तासातासाला दहा वेळा ओढायचा, ऑपरेशनच्या आधीपासूनच. चेंडू वर उडवणं हे ध्येय नाही, ते हळूहळू वर नेऊन दोन-तीन सेकंद तिथे धरून ठेवायचे.

ऑपरेशनआधीचे आठवडे वाया घालवू नका. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास बागेच्या बांधावरून चालणं. जेवणात प्रथिनं : अंडी, डाळ, पनीर, दूध, मटकी. किमोनंतर स्नायू गळलेले असतात, आणि ऑपरेशननंतर शरीर पहिल्यांदा स्नायूच खातं.

आता स्टोमाची जागा. आमच्या मते पुढच्या दहा वर्षांचं सुख-दुःख इथे ठरतं आणि नेमकं हेच घाईत उरकलं जातं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्याआधी, माणूस शुद्धीत असताना, पोटावर न पुसणाऱ्या शाईने खूण झालीच पाहिजे. ऑपरेशन टेबलावर आडव्या पोटावर निवडलेली जागा उठून बसल्यावर घडीत जाते. अण्णा घरी जे नेसतात ते सोबत न्या, पायजमा असो की धोतर. त्यांना उभं करा, खुर्चीत बसवा, जमिनीवर मांडी घालून बसवा, वाकवा. पायजम्याची नाडी कुठे येते ते बघा. स्टोमा नाडीच्या रेषेवर नको, बेंबीच्या खळग्याजवळ नको, हाडाच्या उंचवट्याजवळ नको, आणि अण्णांना स्वतःला सहज दिसला पाहिजे. मांडी घातल्यावर घडी पडत नाही अशी सपाट जागा हवी, पोटाच्या उभ्या स्नायूतून जाणारी, म्हणजे पुढे तिथून हर्निया होण्याचा धोका कमी. शक्य असेल तर खुणेवर पाण्याने अर्धी भरलेली बॅग चिकटवून एक दिवस वावरू द्या. जागा चुकली असेल तर संध्याकाळपर्यंत तेच सांगतील.

विचारायचे पुढचे प्रश्न ऑपरेशनच्या आगेमागच्या काळजीचे आहेत. याची जगभर मान्य झालेली पद्धत आहे, तिला इरास म्हणतात. ती ओपनलाही लागू होते आणि रोबोटलाही. उत्तरं ऐकूनच टीम कशी आहे ते कळतं. लहान आतड्याच्या या जोडकामासाठी आदल्या दिवशी जुलाबाची औषधं देऊन पोट धुवायची गरज नसते. त्याने माणूस कोरडा पडतो, आणि अण्णांच्या किडनीला ते परवडणारं नाही. रात्री बारापासून निर्जळी हीही जुनी सवय. घन अन्न सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी किंवा साखरेचं स्वच्छ पेय दोन तास आधीपर्यंत चालतं, भूलतज्ज्ञांनी दुसरं काही सांगितलं नसेल तर. नाकातली नळी ऑपरेशन संपताच निघावी. सलाईन मोजून द्यावं. फार दिलं तर आतड्याच्या भिंतीला सूज येते आणि ते हलायला उशीर लावतं, फार कमी दिलं तर किडनी मार खाते. म्हणून भूलतज्ज्ञ हा या ऑपरेशनचा दुसरा सर्जनच समजा आणि त्यांना स्वतंत्र भेटा.

"आतड्याला टाके आहेत, आठ दिवस पोटात काही जाऊ द्यायचं नाही," असं आत्या-मावशी सांगतील. ते बाजूला ठेवा. त्याच संध्याकाळी घोट-घोट पाणी, दुसऱ्या दिवशी पातळ, मग मऊ भात, खिमट, मुगाचं वरण, पोट स्वीकारेल तसं. साखर नसलेलं च्युइंगम दिवसातून तीन वेळा पंधरा-वीस मिनिटं चघळल्याने आतड्याला जेवण येतंय असा इशारा मिळतो. दात घट्ट असतील तरच. आणि चालणं : पहिल्या दिवशी खाटेच्या कडेला पाय सोडून बसणं, खुर्चीत तास-दोन तास, दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात दिवसातून चार फेऱ्या. तरीही काहींची आतडी तीन-चार दिवस सुस्त राहतात. पोट फुगतं, उचक्या लागतात, हिरवट उलटी होते. घरी जायला उशीर होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. अशा वेळी जबरदस्तीने भरवू नका. गरज पडली तर नाकातून नळी परत घालतात, त्यात अपयश काही नाही.

रक्ताच्या गाठींबद्दल विशेष सांगायचं आहे. कॅन्सर, ओटीपोटातलं मोठं ऑपरेशन आणि किमो, तिन्ही एकत्र आले की रक्त घट्ट होण्याकडे झुकतं. बऱ्याच गुठळ्या घरी आल्यावर होतात. म्हणून रक्त पातळ ठेवणारं हेपरिन प्रकारचं इंजेक्शन एकूण चार आठवडे, म्हणजे घरी गेल्यावरही, पोटाच्या कातडीत रोज घ्यावं लागतं. डोस किडनी बघून ठरवतात. डिस्चार्जच्या कागदावर "२८ दिवस" लिहिलेलं आहे का ते बघा. ओपन करणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. आयरॉकमधला चौपट फरक आठवा.

मुंबई ठरली तर आणखी एक हिशेब मांडा. हे ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण चारांतला एक जण तीन महिन्यांत परत दवाखान्यात भरती होतो. रात्री थंडी वाजून ताप आला आणि कसारा घाट उतरून जायचं असेल तर तास महत्त्वाचे ठरतात. डिस्चार्जनंतर आठ-दहा दिवस मुंबईतच, रुग्णालयाजवळ राहायची सोय करा, आणि नाशिकमधला एक युरोलॉजिस्ट आधीच ठरवून त्यांना ऑपरेशनची नोंद पाठवा. परतीच्या गाडीत दर तासाला थांबून पाच मिनिटं चालवायचं, आणि पायाला लावायची लांब बॅग जोडून ठेवायची, म्हणजे पोटावरची तुंबत नाही.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं रुग्णालय योजनेत आहे का, आणि पॅकेजमध्ये रोबोटचा खर्च बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. खासगी विमा असेल तर विमा नियामकाच्या नियमांनुसार रोबोटिक शस्त्रक्रिया आधुनिक उपचारांच्या यादीत येते, पण कंपन्यांना त्यावर वेगळी मर्यादा घालता येते. पॉलिसीतला तो आकडा वाचल्याशिवाय "कॅशलेस होईल" यावर विसंबू नका.

बॅग घेताना दुकानदाराला नुसतं "स्टोमा बॅग" म्हणू नका, "युरोस्टोमी बॅग" म्हणा. शौचाची बॅग खालून उघडी असते, लघवीच्या बॅगेला तोटी असते आणि आत लघवी उलटी जाऊ नये म्हणून झडप असते. स्टोमा पहिले सहा ते आठ आठवडे आकसत जातो, म्हणून एकदम महिनाभराचा साठा कापून ठेवू नका. दर वेळी मापपट्टीने मोजा आणि बेसप्लेटचं (कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं) भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. मोठं कापलं की उघड्या कातडीवर लघवी साचते आणि ती जळते, मग बॅग चिकटत नाही, आणखी गळते, आणि हे चक्र सुरू होतं. बदलायची वेळ पहाटेची, चहाच्या आधी, तेव्हा लघवी कमी असते. स्टोमावर गुंडाळलेलं गॉज धरायचं, भोवतालची कातडी साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करायची. खोबरेल तेल, पावडर, मलईदार साबण काही नको. बेसप्लेट लावल्यावर तळहात मिनिटभर दाबून धरायचा, उबेने डिंक पकडतो. तीन ते चार दिवसांनी बदल, बॅग तृतीयांश भरली की रिकामी. रात्री मोठी नाइट बॅग जोडली की झोपमोड नाही.

बॅगेत पांढरे बुळबुळीत धागे दिसतील. ते पू नाही, आतड्याचा नेहमीचा स्राव आहे. पाणी दोन-अडीच लिटर प्यायलं की तो पातळ राहतो. पहिल्या दिवसांत बॅगेत दोन बारीक नळ्या दिसतील, त्या मूत्रवाहिन्यांतल्या जोडाला आधार देणाऱ्या. साधारण एक-दोन आठवड्यांत डॉक्टर काढतात. एखादी आधीच निसटली तर परत घालायचा प्रयत्न करू नका, फोटो काढून कळवा. स्टोमा लाल, ओला असतो, त्याला दुखत नाही, पुसताना थोडं रक्त लागतं. तो जांभळट-काळा पडला तर त्याच तासाला फोन. आणि एक चूक लॅबमध्ये हमखास होते : तपासणीसाठी लघवी बॅगेतून घेतात. त्यात जंतू असणारच, रिपोर्ट घाण येणारच, आणि विनाकारण अँटिबायोटिक सुरू होतं. ताप, थंडी, कंबरेत दुखणं असेल तरच नमुना द्या, तोही स्टोमातून निर्जंतुक नळीने घेतलेला.

ताबडतोब गाठायची लक्षणं : थंडी वाजून ताप, पाय एकाच बाजूने सुजणं, अचानक दम लागणं, पोट फुगून उलट्या, जखमेतून एकदम गुलाबी पाणी वाहणं (आतले टाके सुटल्याची ही खूण, बहुधा पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिसते), बॅगेत तीन-चार तास लघवीच न येणं. आणखी एक फसवं लक्षण आहे. दोन-तीन आठवड्यांनी भूक मेलेली, मळमळ, अंग गळून गेलेलं. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, होईल बरं. हे रक्तात आम्ल वाढल्याचं असू शकतं. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट एवढ्या साध्या तपासणीत ते कळतं आणि सोडाबायकार्बच्या गोळ्यांनी सुधारतं. अण्णांची किडनी बघता ही तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ठरवूनच करा.

छाटणी. ऑगस्टच्या मध्याला ऑपरेशन झालं तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आठ-नऊ आठवडे होतात. मंडपाखाली उभं राहून मजुरांना काड्या दाखवणं, अधूनमधून तासभर स्वतः कात्री चालवणं, एवढं जमायला हरकत नाही, ओपन असो की रोबोट. सहा ते आठ आठवडे पाच किलोच्या वर काहीही उचलायचं नाही. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप, खताची गोणी, क्रेट, यांना किमान तीन महिने हात नाही. स्टोमाभोवती हर्निया असाच होतो, आणि तो दुरुस्त करणं अवघड असतं. छाटणीनंतरची पेस्ट आणि फवारणी यंदा दुसऱ्याच कुणाला सांगा.

एक विषय लेकीला विचारता येत नाही, म्हणून आम्हीच लिहितो. या ऑपरेशनमध्ये ताठरपणाच्या नसा बऱ्याचदा जातात. त्या वाचवता येतील का, हे अण्णांनी स्वतः, आईला सोबत घेऊन, सर्जनना ऑपरेशनआधी विचारायला हवं. दोघांना एकटं भेटायची वेळ मागून द्या, तेवढं तुमच्या हातात आहे.

आमच्या मते या क्रमाने चला. या आठवड्यात सोनोग्राफी, फेरिटिन, छातीची चाचणी आणि इको. छाती ठीक निघाली, मुंबईचे सर्जन जोडकाम आतच करतात, त्यांचा वर्षाचा आकडा चांगला आहे आणि पैसे कर्जाशिवाय उभे राहतात, तर हिमोग्लोबिन बघता रोबोट घ्या. यातला एखादा दुवा सुटला आणि नाशिकचे सर्जन ही ऑपरेशनं नियमित करतात, स्टोमाची खूण आधी करतात, २८ दिवसांचं इंजेक्शन लिहून देतात, तर ओपन घ्या आणि मनात किंतू ठेवू नका. लसिकाग्रंथी नेहमीच्या हद्दीपर्यंत काढणं पुरेसं आहे. त्याहून वर जाऊन जास्त काढल्याने आयुष्य वाढत नाही आणि त्रास मात्र वाढतो, हे २०२४ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं आहे. त्यामुळे "आम्ही जास्त काढतो" या जाहिरातीवर निर्णय घेऊ नका.

निवडीच्या नादात तारीख मात्र घसरू देऊ नका. शेवटच्या किमोनंतर चार ते सहा आठवड्यांत ऑपरेशन व्हावं, दहा-बारा आठवड्यांपुढे ते जाऊ नये. श्रावणातले सण आणि पितृपक्ष मधे येतील, घरात कुणीतरी मुहूर्त काढेल. गणपतीनंतर बघू, असं म्हणणाऱ्याला शेवटच्या किमोची तारीख दाखवा आणि बोटांवर आठवडे मोजायला लावा.